संमतीचा रकाना

जीपच्या बॉनेटवर चौकड्यांची चादर,
चारी कोपऱ्यांना दगड,
कारण गवताळ मैदानातला वारा कागदांचा वैरी.
पहाटेचे पाच. मी हेल्मेटं वाटते आहे.
रांगेत अठ्ठावीस मुलं,
सगळ्यात मोठं बारा वर्षांचं,
सगळ्यात लहान वय सांगताना बोटं मोजतंय.

उलानबातरहून नवा फॉर्म आलाय, पाच पानी.
घोड्याचं नाव. रंग. दातांवरून वय.
घोडा तयार करणाऱ्याचं नाव.
मुलाचं वजन.
पालकाची सही किंवा अंगठा.
विम्याची रक्कम मोठ्याने वाचून दाखवायची असते.
मी वाचते. कुणी ऐकत नाही.

दाम्बा नातवाला घेऊन येतो. बिल्गूण, वय सात.
गळ्यात निळा रेशमी खदग, लामांनी मंत्र फुंकलेला.
"हेच त्याचं हेल्मेट," म्हणतो दाम्बा,
"आमच्या डोक्याला आभाळ पुरलं, याला भांडं कशाला?"
त्याचा डावा खांदा वर जात नाही.
नऊ वर्षांचा असल्यापासून.
दुष्ट नाही हो हा माणूस.
शिंगरू आजारलं तेव्हा दोन रात्री
त्याला स्वतःच्या डगल्यात घेऊन झोपला होता,
आणि घरातल्या दुधाचा पहिला वाडगा
अजून या पोराचा.

माझा भाऊ ओचिर. तो आठ, मी पाच.
त्या वर्षी आमचा घोडा पहिला आला.
ओचिर आला नाही.
शर्यत घोड्याची असते, पाठ रिकामी असली तरी
नंबर नंबरच.
लोक धावले,
विजेत्याचा घाम कपाळाला लावला की वर्षभर बरकत.
बाबांनीही लावला.
तो वाळायच्या आत कुणीतरी टेकडीकडे बोट केलं.

यावरून वाटेल, मी ठाम असेन.
राजधानीत, हीटर लावलेल्या खोलीत,
"बंद करावं का?" विचारलं, तेव्हा हात वर केलाही होता.
त्याच रात्री हॉस्टेलच्या खाटेवर
शर्यतीआधीची ती लांब हाळी
माझ्याच घशातून निघाली, गिंऽगोऽ,
आणि मांड्यांना घोड्याची ऊब आठवली.
मीही धावले होते एकदा, चोरून, ओचिरनंतर.
त्यानंतर आयुष्यात इतक्या उंचावर
कधी बसले नाही.

फॉर्ममध्ये नाही, तरी विचारते,
"बिल्गूण, तुला जायचंय?"
तो आजोबांकडे बघतो. मग घोड्याकडे.
"घोड्याला जायचंय."
"आणि तुला?"
रांग चुळबुळते. सूर्य वर येऊ लागतो.
घोडामैदान खरोखरच जवळ,
आणि तो मनापासून विचार करतोय, भुवया आवळून,
यापूर्वी कुणी हे विचारलंच नसावं.
"मला शू लागलीय."

सगळी रांग हसते. दाम्बाही, पोट धरून.
ते दोघं जीपमागे जातात.
तेवढ्यात मी पट्टी घेते,
पाचव्या पानाच्या तळाशी एक रेघ मारते,
लिहिते : मुलाचं म्हणणं.
पुढे त्याचं वाक्य, जसंच्या तसं. पहिलं. मग दुसरंही.
वरचे साहेब म्हणतील, हा रकाना नमुन्यात नाही.

तो परत येतो. हनुवटीखाली पट्टा आवळते,
दोन बोटं जातील एवढी जागा ठेवून.
टोपणात त्याचं डोकं फारच छोटं दिसतं,
अंड्यासारखं.
मग ते सगळे निघतात, पायपायी, हाळी देत,
पंधरा किलोमीटरवरच्या सुरुवातीकडे.

लोक दुर्बिणीतून धूळ शोधताहेत.
घोड्यांवर बोलणी, आयरागचे वाडगे फिरताहेत.
मी चादर झटकायला उचलते.
अठ्ठावीस हेल्मेटं आणली होती,
अठ्ठावीस मुलं.
चादरीखाली एक आहे.
आत अजून कोमट,
बक्कलात अडकलेला
एक निळा धागा.