शंभरातले किती

शंभरच गुण. त्याहून जास्त कुणाकडेच नसतात.
आज संध्याकाळच्या आत ते वाटायचे आहेत,
लिफाफे यायच्या आधी,
नावं कळायच्या आधी.

दर : साठ.
मेलिसबाइके बसायच्या आधीच म्हणाले,
टोपीवरचा ऑक्टोबरातला बर्फ झटकत.
सगळ्यात कमी दर, भागिले ज्याचा त्याचा दर, गुणिले साठ.
गणित सरळ आहे.
गणिताला थंडी वाजत नाही.

मागच्या वर्षी दराला नव्वद दिले होते आम्ही.
ट्रक वेळेवर आला, पावती पक्की,
आणि कोळशात निम्मी माती.
जानेवारीत मी त्या शाळेत गेले, हिशेबनीस म्हणून, रजिस्टर तपासायला.
चौथीतली मुलं हातमोजे घालून बेरजा करत होती.
वह्यांतला एकेक आकडा
हातमोज्याएवढा जाड.

म्हणून यंदा ओमुरझाकला बोलावलं,
शाळेचा बॉयलर सांभाळणारा,
सत्तावीस हिवाळे तळघरात काढलेला.
बसा म्हटलं तर म्हणाला, खुर्ची काळी होईल.
खिशातून दोन खडे काढले,
टेबलावर टाकले. एक. मग दुसरा.
"ऐकलंत? हा वाजतो. हा नुसता पडतो."
आणि चहा न घेता गेला.

आम्ही तिघं त्या आवाजाला गुण देत बसलो.
गुलबारा म्हणाली, आवाज कागदावर कसा आणायचा?
हरलेला माणूस तक्रार घेऊन थेट बिश्केकला जाईल,
तिथं काय सांगू, तुमचा खडा वाजला नाही?
मग लिहिलं :
राखेचं प्रमाण, ओलावा, उष्णता,
प्रयोगशाळेचा दाखला, तीन महिन्यांच्या आतला.
पंचवीस.
लिहिता लिहिता आवाज गेला.
थोडाफार अर्थ राहिला असावा.

उरले पंधरा.
ते मी मागून घेतले.
"बर्फात खिंडीपलीकडच्या चार शाळांना
माल पोचवल्याचा अनुभव."
भराभर टाइप केलं, कारण डोळ्यांपुढे होता फेब्रुवारी,
बंद रस्ता,
आणि चाकांना साखळ्या बांधून
पहाटे तीनला आलेला एकच ट्रक.

मेलिसबाइके चष्मा पुसत राहिले.
"सायकाल, असा अनुभव असलेले तालुक्यात किती?"
एक.
"आणि तो कुणाचा कोण?"

माझ्या धाकट्या बहिणीचा दीर.
लग्नातली मेंढरं त्यानंच हाकत आणली होती, गाणी म्हणत.

कुणी काही बोललं नाही.
स्क्रीनवर ती एक उभी रेघ उघडमीट करत राहिली.
मी लिहिलं होतं तो निकष नव्हताच,
फोटो होता,
खाली नाव टाकायचं तेवढं बाकी.

वाईट याचं की माणूस खरंच चांगला आहे.
चांगल्या माणसासाठी वाकवलेली पट्टी
पुढच्या वर्षी आपोआप सरळ होत नाही,
हे मला कळतं.
रस्ता फेब्रुवारीत पुन्हा बंद होणार,
हेही कळतं.

खोडलं. पुन्हा लिहिलं :
कोणताही डोंगरी रस्ता, डिसेंबर ते मार्च,
पोच-पावत्या जोडाव्यात,
पावतीमागे दोन, जास्तीत जास्त दहा.
उशीर झाल्यास दिवसागणिक दंड मान्य असल्याची सही : पाच.
आणि वेगळ्या कागदावर
बहिणीच्या दिराचं नाव, माझं नातं,
"मूल्यांकनाला मी बसणार नाही."
गुलबारानं शिक्का मारला.
शाई थंडीनं घट्ट झालेली, दोनदा मारावा लागला.

सगळे गेल्यावर दिवा घालवताना दिसलं,
ते दोन खडे टेबलावरच राहिलेत.
कोणता कोणता ते आता सांगता येईना.
एक उचलला, टाकला.

वाजला.
की मला तो वाजायला हवा होता?