डबल बी

दांडिया बाजारातून उसळीसाठी आणलेल्या पुडीतले
सात दाणे कुमुदने बाजूला काढले.
चपटे, पांढरट, वापरून झिजलेल्या नाण्यांसारखे,
एका कडेला डोळा
आणि डोळ्यापासून पसरत गेलेल्या बारीक रेघा.

"डोळा खाली करून लाव," ती म्हणाली.
"आणि रात्रभर भिजवू नकोस, फुटतात."
मी भिजवले.
तीन फुटले.

भाद्रपद सरत आला होता. कारेलीबागेतल्या आमच्या गच्चीवर
चटका जरा उतरला होता, इतकाच
की पाय पत्र्यावर टेकवता यावा.
सहाव्या दिवशी कुंडीतली माती तडकली.
डबल बी डोकं काढून वर येत नाही.
आधी पाठ येते, वाकलेली,
गोणी उचलणाऱ्या हमालासारखी,
आणि मग कधीतरी, आपण चहा घ्यायला खाली गेलो की,
मान सरळ होते.

मी तेहतीस वर्षं खताच्या कारखान्यात.
युरियाचा उंच मनोरा, त्यातून पडणारा
पांढऱ्या दाण्यांचा कोरडा पाऊस,
पाळी संपली तरी भुवयांवर बसून घरी येणारा.
कुठल्याच झाडाला मी रिकाम्या हाताने भेटलेलो नाही.
यालाही मूठभर घातला.
आठ दिवसांनी आणखी मूठभर.

वेल माजला.
जुन्या अँटेनावर चढला, टाकीला वळसा घालून
इलाबेनच्या दोरीवर गेला,
त्यांच्या साड्यांमधून पानं लोंबायला लागली.
"भाऊ, पापडी आली?" त्या रोज विचारायच्या.
पापडी नाही हो, डबल बी.
"हां ने, पण आली?"
फूल नाही, शेंग नाही.
पानं मात्र अशी, की एकेकात घडीची पोळी मावावी.

कुमुद आठ-दहा दिवस काही बोलली नाही.
मग एकदा वाळलेले कपडे काढताना म्हणाली,
"सगळं बसल्या जागी मिळतंय,
तो कशाला बिया धरील?"
आणि पुष्करचा फोन वाजला म्हणून खाली गेली.
मी कठड्यापाशी थांबलो.
जिन्यातून ऐकू येत होतं,
पुन्हा हप्त्याचंच काहीतरी.

युरिया बंद केला. पाणीसुद्धा दिवसाआड.

उत्तरायणाला सगळ्या गच्च्या ओरडत होत्या,
लपेट, लपेट!
कुणाचा तरी मांजा वेलात अडकला,
त्या पोराने हिसडा दिला
आणि सगळे कोवळे शेंडे
न्हाव्याने कापावेत तसे एका रेषेत उडाले.
मी इतका ओरडलो
की इलाबेननी उंधियूची वाटी कठड्यावरून पुढे केली,
तोंड बंद व्हावं म्हणून असेल.

पंधरा दिवसांनी, कापल्या जागेच्या खाली,
पानांच्या बगलेत
हिरवट पांढरं काहीतरी दिसलं.
चष्मा पुसून पाहिलं.
फुलं. गव्हाएवढी,
कुणी बघायला यावं अशी अजिबात नाहीत.
फाल्गुनात शेंगा मोजल्या: एकोणीस.
त्यानंतरची फुलं उन्हाने गळली.

"कच्चा दाणा तोंडात टाकू नकोस, विष असतं.
झाकण उघडं ठेवायचं, पहिलं पाणी फेकायचं."
मला हे नवं नव्हतं.
नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी हेच सांगायचो,
वाफेला वाट ठेवा.
घरी कधी सांगायची वेळ आली नाही,
किंवा आली असेल, मी पाळीवर असेन.
ती पातेल्यापाशी उभी होती, फेस काढत,
आणि बोलत होती.
पुष्करविषयी, त्या हप्त्यांविषयी,
बऱ्याच जुन्या एका दिवाळीविषयी.
मी गॅस बारीक केला, पण बंद केला नाही.

चिंचगुळाची उसळ झाली. दोन वाट्या, जेमतेम.

दोन शेंगा वेलावरच खडखडेपर्यंत वाळवल्या,
दाणे निघाले पाच.
आज भाद्रपदाची अमावास्या. जिना चढताना
ती आडवी आली.
"मूठ उघड."
उघडली. तिने मोजले, पाच.
"आता दुसरी."