हातचं राखून

बाबांना आता फारसं दिसत नाही.
सरोवर म्हणजे एक फिकट पट्टा,
आणि मी म्हणजे दारातली सावली,
औलूच्या प्रयोगशाळेतून दोन आठवड्यांची रजा काढून आलेली.
जुना सौना गेल्या हिवाळ्यात जळाला.
नवा बांधायचाय, आणि बाबांना घाई आहे.
कसली, ते विचारायचं नाही.

आधी दगड.
मी दुकानातून आणलेले, ठिपक्याठिपक्यांचे, महागाचे.
बाबांनी दोन उचलून एकमेकांवर आपटले, कान लावला.
"बद्द वाजतात. फुटतील."
फुटले. तिसऱ्या तांब्याला,
बंदुकीसारखा बार काढून.
मग शेजारच्या वेइक्कोच्या बांधावरचे आणले,
काळे, जड, दिसायला अगदीच दरिद्री,
आणि एकूणएक खणखणीत.
"तावेत्ती, माझा बांध पोखरलास," वेइक्को म्हणाला,
आणि स्वतःच ढकलगाडी ढकलत आला.

मग लाकूड.
पाइन भिंतीला चालेल, पाठीला नाही;
तापलं की राळ गाळतं, आणि तो थेंब पाठीवर पडला
तर आठवडाभर पालथं झोपायचं.
बर्च मजबूत, पण अंगाला लागतं. ते चुलीत.
बाकाला अ‍ॅस्पेन:
फिकं, हलकं, नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ.
आमच्याकडे त्याची ना तुळई करत, ना उंबरा,
ना कुऱ्हाडीचा दांडा.
"कशाच्या कामाचं नाही, म्हणून बसायला बरं,"
असं म्हणत बाबा फळीवरून तळवा फिरवतात, गाठी शोधत.
गाठ घट्ट असते. गाठ चटका देते.

मी हेच मोजते, पगार घेऊन.
याचा आकडा शून्य पूर्णांक बारा, त्याचा सतरा,
साध्या पोलादाचा पन्नासच्या आसपास.
माझ्या यंत्राला आठ तास लागतात,
बाबांच्या तळव्याला एक श्वास.
उत्तर तेच येतं,
आणि मला त्याचा थोडा राग येतो.

खिळे वरून ठोकायचे नाहीत.
स्क्रू, तेही फळीच्या पोटातून.
माझ्या मांडीवर अजून आहे
एका खिळ्याच्या डोक्याचा डाग, मसुरीएवढा.
सहा वर्षांची मी, रडत विचारलं होतं:
खिळा फळीपेक्षा जास्त तापला होता का?
नाही. दोघं तेवढेच तापलेले.
खिळा होतं नव्हतं ते एकदम देऊन टाकतो.
लाकूड देतं हातचं राखून.
हे आई म्हणाली होती की बाबा,
आता आठवत नाही.

त्यांचे पाय लटपटतात,
म्हणून मी कठडा मागवला, स्टीलचा,
इस्पितळात असतो तसा.
बाबांनी एक बोट लावलं.
"उणे विसाला जीभ चिकटेल, ऐंशीला कातडी."
परत पाठवला.
अ‍ॅस्पेनचा करावा, तर माणसाचा तोल त्याच्यावर सोपवायची छाती होईना.
बर्चचा करावा, तर तापेल.
अंधार न पडणाऱ्या त्या रात्रींत
मी आकडे मांडत बसले,
वर्तमानपत्राच्या समासात,
एका काठीसाठी.

ती होती नावेच्या छपराखाली.
आईचं वल्हं. स्प्रूसचं, पातं चिरलेलं,
राळ कधीच आटून गेलेली,
मुठीच्या जागी दांडा झिजून बारीक,
एका बाजूनं जास्त, कारण ती डावखुरी.
मी पातं कापलं. दांडा बसवला.
सांगितलं नाही.

शनिवारी पहिली वाफ उठली.
बाबा वरच्या बाकावर चढताना
हात लावून थांबले,
लाकूड बारीक होतं नेमकं तिथं.
मी खाली, घंगाळ धरून.
बराच वेळ तळवा हलला नाही.

मग म्हणाले, "याला गाठ नाही."
आणि थोड्या वेळानं,
"टाक पाणी."