झुकतं माप

पाकिटाच्या जाडीवरून काही कळत नाही,
एवढंच बावीस वर्षांत शिकलो मी, या काउंटीच्या कचेरीत.
लेम्पी कंगास समोर बसली. कोटाला धुरावलेल्या माशांचा वास.
"चष्मा दुकानात राहिला. तूच वाच."
चष्मा तिच्या गळ्यात दोरीला लोंबत होता.

निकालाची ओळ सर्वांत वर असते.
तिनं त्या ओळीवर तळहात ठेवला.
"आधी बाकीचं."

बाहेर सुपीरियर सरोवर गोठून करडं.
वाचू लागलो :
दिवंगत सैनिक. आरमार. बॉयलरची खोली, तीन वर्षं.
मृत्यूचं कारण न्यूमोनिया.
मागच्या खेपेला इथेच मिटवलं होतं सगळं,
'सेवेशी संबंध सिद्ध होत नाही',
पाच शब्द,
आणि त्यांच्यावर सहा हिवाळ्यांचा बर्फ.

मग ओरेगनच्या एका म्हाताऱ्या खलाशाची साक्ष :
"पाइपांवरचं वेष्टण आम्ही हातांनीच सोलायचो.
रेनोच्या पापण्या पांढऱ्या व्हायच्या.
आम्ही त्याला आजोबा म्हणायचो.
एकोणीस वर्षांचा होता."

"हे मला कधी बोलला नाही," लेम्पी म्हणाली.
मी पान उलटायचं थांबलो.
"वाच."

मग डॉक्टरांचं वाक्य, ज्याच्यासाठी एवढे खेटे :
संबंध असण्याची शक्यता, नसण्याइतकीच.
"म्हणजे हरलो?"
नाही. दोन्ही पारड्यांत पुरावा सारखा भरला
तर कायदा सैनिकाकडे झुकतो.
"त्यात काय मोठं?
काटा मधोमध थांबला की आम्ही वर एक तुकडा टाकतो.
गिऱ्हाइकाला झुकतं माप. सासूची रीत.
त्याला सहा वर्षं नाही लागत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
स्टेपलर उगाच इकडून तिकडे ठेवला.

तिनं तळहात उचलला.
अपील मंजूर.
मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.
ती रडली नाही, हसलीही नाही.
गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला,
माझी पेन्सिल घेतली
आणि जिथे जिथे 'रेमंड कंगास' छापलं होतं
तिथे रेमंड खोडून रेनो लिहीत गेली,
गल्ल्यावर हिशेब मांडावा तशी, ओठ हलवत.

एकाच जागी नाव बरोबर होतं,
त्या खलाशाच्या साक्षीत.
तिथे तिनं नुसतं बोट ठेवलं.
बराच वेळ.