दि मीठउत्पादक

वाशी, सेक्टर सतरा. पाटीवर अजून
'दि खाडीकाठ मीठउत्पादक सहकारी बँक मर्या.'
मर्या.चं टिंब नावापेक्षा ठळक.

खाली तीन त्रिकोण.
लोन डेस्कवरच्या पोरी म्हणतात, समोसे.
एका गिऱ्हाइकानं विचारलं, तंबू का?
ट्रेकिंगला कर्ज देता?
मॅनेजरसाहेबांच्या मते, प्रगती.

काल हसुराम भोपी आले पासबुक भरायला.
मशीन करकरत होतं, तेवढ्यात
काचेवर बोट ठेवून म्हणाले,
मधली रास माजे बापाची,
पेंटरनी बुटकीच केली.

पुढच्या महिन्यात आमचं विलीनीकरण.
नवा लोगो आलाय, खोक्यात, फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये:
नारिंगी, गोल,
आत काहीतरी उडतंय किंवा पडतंय.

तीन त्रिकोण भंगारात किती किलो भरतील,
शिपायानं आत्ताच विचारून ठेवलंय.