जो आधी उठला तो थोरला

डबा तसा लहान. पोळ्यांच्या डब्याएवढा,
टीव्हीमागे, राउटरशेजारी, दिवसरात्र गुणगुणतो.
पाठीला यूएसबी एकच. आणि माझ्याकडे डिस्क चार:
एक बाबांची, एक वामनतात्यांची,
एक अण्णांनी कुरियरने पाठवलेली, चिठ्ठीशिवाय,
चौथी दहीपुलाजवळच्या स्टुडिओतली,
तिच्या फटीत अजून सराफ बाजारातलं पुराचं पाणी आहे.
म्हणजे चिखल. वाळलेला.

कॉलेज रोडवरून तीनशे साठचा हब आणला.
सात लागतात ताई, आरामात, म्हणाला.
पहिली लावली, फिरली.
दुसरी फिरली.
तिसरीनं टक् टक् टक् केलं,
ते ऐकून पहिलीही टकटकायला लागली
आणि मग सगळ्याच गप्प.

अंबडला मी बावीस वर्षं पॅनेलं तपासते.
मला तरी कळायला हवं होतं:
भोकं सात असली तरी करंट एकाच तारेतून येतो,
आणि डिस्कला फिरत राहायला लागतं त्याहून
फिरायला सुरुवात करायला जास्त लागतं.
एका स्टुडिओवर तीन चुली होत्या आमच्या.
कुणी जास्त खाल्लं असं मला आजही वाटत नाही.
एकाच वर्षी तिघं उठले, एवढंच.

दुसरा हब आणला, स्वतःचा अडॅप्टर असलेला. चौदाशे पन्नास.
चार निळे दिवे. प्राजक्तला देवळालीला फोन केला,
दिसतंय का तुला? म्हणाला, दिसतंय, थांब, आई, इकडे ये.

शनिवारी मेंटेनन्सची लाइट गेली. आली
तेव्हा बाबांच्या नावावर तात्या उघडले
आणि तात्यांच्या जागी अण्णा.
डबा नंबर देतो उठण्याच्या क्रमानं,
जो आधी उठला तो थोरला.
रात्री दीडपर्यंत बसले. प्रत्येक डिस्कच्या पोटात
एक लांबलचक आकडा असतो, तिचा तिचाच;
तो धरून नाव लिहिलं,
की मग कुठल्याही भोकात खुपसा.

आता फोटो एकत्र करत होते.
सुलूआत्याचं लग्न, सतरा नंबर. तिन्ही डिस्कवर.
नाव तेच, तारीख तीच, वजन वेगळं.
बाबांच्या फोटोत तिघं भाऊ मांडवाच्या खांबापाशी.
अण्णांच्या फोटोतही, थोडे पिवळट.
तात्यांच्या फोटोत तात्या एकटेच,
आणि खांद्यावर एक हात,
मनगटापाशी कापलेला. घड्याळ बाबांचं.

डबा विचारतो: बदलू? सोडून देऊ? दोन्ही ठेवू?
सीबीएसच्या कोर्टात अकरा वर्षं तारखा पडल्या.
इतकं साधं तिथं कुणी विचारलं नाही.
दोन्ही, म्हटलं. मग तिन्ही.
जागा आहे, चार टेराबाइट आहे,
आणि तात्यांनी हात कापला नाही पूर्ण,
हे मला कुठं तरी ठेवायचं होतं.

चौथी अजून उघडलेली नाही.
दिवा लागतो, फिरते, मधेच खरखरते,
डबा म्हणतो, ओळखता येत नाही.
काढून टाक, प्राजक्त म्हणतो, उगीच लाइट खाते.
खाऊ दे.