आठ किलोबाइटनंतर

हीउमा बेटावर, कॅर्डलात, साडेतीनलाच दिवे लागतात.
वाइके रबरी बूट स्टोव्हपाशी उपडे घालते,
टेबलावरचे हेरिंगचे काटे पुसून काढते
आणि वर्तमानपत्रावर बोर्ड ठेवते:
तळहाताएवढा, हिरवा, मुका.

परवा समुद्राच्या बर्फावरचा रस्ता उघडायचा आहे.
खांबावर बसून हाच सांगणार होता
खाली किती सेंटिमीटर धरलंय.
पण भाचा, तार्वो, काल घाईघाईत
नवं चढवायला गेला
आणि होतं तेही पुसून बसला.
आता दाराशी उभा आहे, हातमोजे न काढता.

"सगळं नाही गेलं," ती म्हणते.
"कारखान्यातच कोरलेलं चिमूटभर आहे अजून आत.
त्याला एकच येतं.
जागं झालं की कार्डावर ठरल्या जागी चाचपायचं.
सापडलं तर वाचायचं,
नाही सापडलं तर गप्प."

ठरली जागा, म्हणजे आठ किलोबाइट सोडून.
वहीच्या पानाला समास सोडतात
तसा सोडायचा, मग लिहायला लागायचं.
ती आज्ञा टंकते: कुठून, कुठे, किती सोडून,
आणि एंटरवर बोट नेऊन थांबते.
डिस्कच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं
तर बोर्ड राहील बाजूला,
याच लॅपटॉपचं होत्याचं नव्हतं होईल.
ते अक्षर ती तार्वोला मोठ्याने वाचायला लावते.
दोनदा.

कार्ड आत. तीन वायरी. वीज.
लाल दिवा लागतो.
पडदा काळा.

पुन्हा.
काळाच.

जम्पर तपासला, वेग तपासला,
एक लाख पंधरा हजार दोनशे, बरोबर आहे.
रस्ते खात्यातून हेइनोचा फोन:
"बोलायला लागला का?"
"नाही," आणि तिने ठेवूनच दिला.
तिच्या भाषेत तिच्या नावाचा अर्थच मुळी 'शांत',
त्यामुळे कुणी मनाला लावून घेत नाही.

मग तार्वो, एक हातमोजा काढत:
"मावशी, ती पिवळी वायर..."

खरंच की.
बोलायची तार बोलायच्याच पिनेला,
ऐकायची ऐकायच्या.
मघापासून दोघं तोंडाला तोंड लावून बोलतायत
आणि कानाला कान लावून वाट बघतायत.
तिला हसू फुटतं.
याच टेबलावर तिचे आईवडील
एकतीस वर्षं जेवले होते असेच.

पिवळी इकडे, पांढरी तिकडे.

आधी ओळभर कचरा,
मग एकेक अक्षर सरळ उभं राहतं:
आलो. घड्याळ लावलं.
मेमरी सापडली, पाचशे बारा.
इतकंच माझं काम, आता थोरल्याला उठवतो.
थोरला उठतो, गळा साफ करतो,
उलटे आकडे मोजायला लागतो, तीन, दोन,
आणि तार्वो पटकन स्पेसबार दाबतो.

मोजणी थांबते.
चौकोनी ठिपका लुकलुकत राहतो.
"कशाला दाबलंस?"
"बघत होतो, आपलं ऐकतो का."

ती काही बोलत नाही. त्या ठिपक्याकडे बघत
स्टोव्हवरची किटली उकळून जाऊ देते.
परवापासून सगळे आकडे वाचतील,
किती जाड, किती टनांची गाडी सोडायची.
पहिल्या दोन सेकंदांत कोण आलं नि निघून गेलं
ते कोण विचारणार?
बारशाला सुईणीचं नाव कोण घेतं?

मग ती एक शब्द टंकते, बूट,
आणि ओळी धावत सुटतात,
वाचता येणार नाहीत इतक्या भराभर.
शेवटी स्वच्छ, एकटी, एक ओळ:

बर्फ: शून्य सेंटिमीटर.

तार्वोचा चेहरा पुन्हा उतरतो.
"अरे, टेबलावर आहे तो," वाइके म्हणते.
"बरोबरच सांगतोय."
आणि स्टोव्हपाशी बुटांतून वितळून आलेलं पाणी
फडक्याने टिपायला वाकते.